शेऱ्याचा रकाना

४ ऑक्टोबर

ही डायरी गॅस्केटवाल्यानं दिलेली, तीन वर्षं जुनी. तारखा खऱ्या, वार खोटे. आज पानावर बुधवार छापलाय आणि बाहेर चक्क रविवार आहे. चालायचंच, फुकट ते पौष्टिक.

लिहायला बसायचं कारण एवढंच की सकाळी लेथवर सिलिंडरचं भोक असं आरशासारखं उतरलं, की मी सवयीनं ओरडलो, "अगं, इकडे ये, हे बघ!" आणि मग आठवलं, घरात कोणी नाही. बायको लेकीकडे गेली आहे, बाळंतपणाला. तीन महिने म्हणून गेली, आता चौथा सरला. नातू चांगला गुटगुटीत झालाय म्हणे. मग घोडं कुठे अडलंय कळत नाही. थंडी संपली की येईल बहुधा, तिला प्रवासात गारठा सोसत नाही. तोवर भिंतीला सांगण्यापेक्षा कागदाला सांगितलेलं बरं.

नोंद म्हणून लिहून ठेवतो: हे माझं नववं इंजिन. वाफेचं, टेबलावर मावेल एवढं, पण खेळणं नव्हे. बॉयलरमध्ये पाणी भरायचं, खाली जाळ करायचा, वाफ कोंडली की पिस्टन हलतो आणि चाक फिरतं. छत्तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या दुरुस्तीखान्यात मी टर्नर होतो. दिवसा पंपांचे हे एवढाले दांडे कातायचो आणि घरी येऊन पेन्सिलीएवढे. ही म्हणायची, "मला आठ सवती आहेत. नववी घरात आणताना निदान विचारा तरी." तर विचारलं नाही. विचारायला ती इथे होती कुठे?

११ ऑक्टोबर

रविवारी अकराला तिचा फोन येतो. आज साडेसहा मिनिटं बोललो. त्यातली चार मी सिलिंडरबद्दल बोललो, कारण ते खरंच फार छान उतरलंय.

मग मी गमतीत विचारलं, "जाताना ते शिवणयंत्राचं धूड कशाला नेलंस ते सांग."

"बाळाची अंगडी शिवायला."

"एव्हाना अख्ख्या गल्लीला पुरतील इतकी झाली असतील."

ती हसली. फोनवर ती छान हसते. इथे असताना इतकी हसत नसे. तिकडची हवा मानवलेली दिसते.

१९ ऑक्टोबर

तिची जाड शाल, मोठी कात्री आणि वाचायचा जुना चष्मा पाठवायला सांगितलं होतं. मी साधं पार्सल केलं नाही. खोक्याच्या आत लाकडी चौकट ठोकली, कात्रीला पुठ्ठ्याचं म्यान केलं, चष्म्याला कापसाची गादी. पोस्टातली बाई म्हणाली, "आजोबा, यात बॉम्ब आहे की काय?" मी म्हटलं, "कात्री आहे. बॉम्बला इतकं जपलं नसतं." तिला हसू आलं नाही.

थंडी सुरू झाली म्हणून शाल मागवली, हे बरोबरच आहे.

६ नोव्हेंबर

आज बॉयलरचा मोठा सांधा. हे काम नीट लिहून ठेवायला हवं.

तांब्याची नळी म्हणजे बॉयलरचं अंग, आणि दोन टोकांना तांब्याच्या ताटल्या. मधले सांधे चांदीच्या झाळेनं भरायचे. सगळा नग लालभडक तापवायचा, मग चांदीची तार टेकवली की ती पाण्यासारखी वितळून फटीत शिरते. एकदा झाळ धावू लागली की थांबता येत नाही. हातातला गॅसचा टॉर्च हलला, तेवढा भाग गार पडला, की झाळ तिथेच थिजते. वरून भरल्यासारखी दिसते आणि आत पोकळ राहते.

हे मी स्वयंपाकघरात करतो हल्ली. तिथला ओटा फरशीचा आहे, उजेडही चांगला. टेबलावर लेथची हत्यारं मांडलीत. तिच्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात लिंबूसत्वाचं पाणी केलंय, झाळल्यावर तांबं त्यात बुडवून काळं काढायला. पातेल्याचा रंग गेलाय. ती येईपर्यंत नवं आणेन.

मागची ताटली अर्धी झाली होती तेव्हा फोन वाजला. नजर तिकडे गेली. तिचा होता. शुक्रवारी कधी करत नाही. पण हातात टॉर्च, झाळ धावत होती, उचलणार कसा? वाजून वाजून बंद झाला. बाकीचा सांधा पुरा केला. बॉयलर बाहेरून तरी झकास दिसतोय.

नंतर फोन करायचा राहिलाच. परवा रविवार आहेच, तेव्हा कळेल.

८ नोव्हेंबर

अकराचा फोन. "परवा काय होतं गं?" म्हटलं. "काही नाही, सहज," म्हणाली. सहज तर सहज.

चार मिनिटं.

२२ नोव्हेंबर

आमच्या छोटी इंजिनं करणाऱ्यांच्या क्लबची बैठक. आम्ही सगळे मिळून अकरा जण उरलोय, त्यातले चार जण ऐकू येत नाही म्हणून ओरडतात आणि बाकीचे ओरडून ओरडून बहिरे होतायत. मार्चमध्ये शाळेच्या मैदानावर प्रदर्शन आहे. सेक्रेटरीनं मला मधलं टेबल दिलंय. मधलं टेबल मला बावीस वर्षांत मिळालं नव्हतं! घरी येताना मी शीळ घातली.

सेक्रेटरी म्हणजे नियमांची चालती बोलती वही. निघताना त्यानं माझं बोट धरून सांगितलं, "टेस्ट झाल्याशिवाय जाळ नाही. रजिस्टर घेऊन यायचं. वाचणाऱ्याच्या सहीसकट."

त्याचं बरोबर आहे. बॉयलर आधी पाण्यानं तपासायचा, नवा असो की दर वर्षी जुना. काठोकाठ पाणी भरायचं, हातपंपानं दाब चालवायच्या दुप्पट करायचा, म्हणजे माझा ऐंशी पौंड, आणि वीस मिनिटं गेजचा काटा हलता कामा नये. पाण्यानं फुटला तर माणूस भिजतो, वाफेनं फुटला तर भाजतो. आणि गेज बनवणाऱ्यानं वाचायचं नाही, दुसऱ्यानं वाचायचं. बापाला आपलं पोर कधी काळं दिसलंय?

सव्वीस वर्षं माझं गेज हिनं वाचलं. स्टूल ओढून बसायची, चष्मा लावायची, मांडीवर रजिस्टर. टेस्टच्या वेळी बोलायचं नाही, हा क्लबचा नव्हे, माझा नियम. बोललं की नजर हलते. वीस मिनिटं झाली की ती रकाने भरायची, तारीख, दाब, निकाल, शेरा, आणि सही करायची. मी निकाल बघून रजिस्टर फळीवर ठेवायचो.

मार्चपर्यंत ती येईलच.

१३ डिसेंबर

दुसरं पार्सल. शिवणकामाचं सर्टिफिकेट, तिच्या आईचा फ्रेममधला फोटो आणि पितळी डबी, जिच्यात बटणं असतात. फोटोसाठी मी चार कोपऱ्यांना लाकडी गिट्टे कातून बसवले. काच हलणार नाही. माझ्या हातचं काम बघून ती खूश होईल.

फोटोच्या जागी भिंतीवर चौकोन राहिलाय, बाकीच्यापेक्षा पांढरा. तिथे कॅलेंडर लावलं. कॅलेंडर लहान पडतं.

फोनवर विचारलं, "सर्टिफिकेट कशाला हवंय?" "लागतंय जरा," म्हणाली. लेकीनं काहीतरी खूळ डोक्यात भरलं असणार. ती लहानपणापासून तशीच.

३० डिसेंबर

काही नाही. अंडी, पाव, अंडी. इंजिनाचं चाक बसवलं.

१० जानेवारी

वर्ष संपलं, पण डायरीची जानेवारीपासूनची सुरुवातीची पानं कोरीच होती. उलट फिरून इथे लिहितोय.

"थंडी संपली की येशील ना?" असं मी आज विचारलं. ती म्हणाली, "बघू." मग बाळ रडलं. बाळ हल्ली नेमकं वेळेवर रडतं.

आता टेस्ट लांबवण्यात अर्थ नाही. वाचायला खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरला बोलावलं. शिकलेला माणूस, नजर बारीक, रोज लोकांच्या जबड्यात वाकून बघतो. मी ऐंशीपर्यंत पंप मारला आणि म्हटलं, "आता वीस मिनिटं या काट्यावरून नजर काढायची नाही."

तिसऱ्या मिनिटाला म्हणाला, "याचा उपयोग काय हो?"

"बोलू नका."

पाचव्या मिनिटाला त्यानं माझ्या तोंडात बघितलं आणि म्हणाला, "वरची डावी दाढ दुखत असेल तुमची." दुखते. पण मी बोललो नाही. नवव्या मिनिटाला त्याचा फोन वाजला आणि कोणाचा तरी गाल सुजला म्हणून तो धावत सुटला. जाताना म्हणाला, "ठीक वाटतोय की!" वाटतोय काय? बॉयलर आहे की जावई?

टेस्ट रद्द.

त्या स्टुलावर दुसरं कोणी बसलेलं मला बघवलंही नाही, हे खरं.

२४ जानेवारी

आज लेकीनं फोन घेतला. आवाज खाली करून बोलत होती. "बाबा, तुम्ही आईला कधी विचारलंत का, कशी आहेस?"

"विचारतो की. दर रविवारी."

"काय विचारता?"

मी आठवून बघितलं. "तिकडे थंडी किती, हे विचारतो."

लेक म्हणाली, "तुम्ही एकदा इकडे या ना. एका दिवसाचा तर प्रवास आहे."

"बॉयलर उघडा पडलाय, टाकून कसा येऊ?" म्हटलं. ती "बरं" म्हणाली. तिच्या "बरं"मध्ये आईचा आवाज आहे, आधी कधी लक्षात आलं नव्हतं.

७ फेब्रुवारी

सेक्रेटरी स्वतः गेज वाचायला येणार होता. काल न्हाणीघरात पाय घसरला, कंबर मोडली, दवाखान्यात पडलाय. बघायला गेलो. त्याची बायको शेजारी बसून फळ कापत होती. त्याही अवस्थेत तो म्हणाला, "सही घ्यायला विसरू नका." बाकीच्या नऊ जणांपैकी एकाचंही घर जवळ नाही, आणि माझे तीन मजले चढायचे तर त्यांनाच उचलून आणावं लागेल.

घरी आल्यावर फार एकटं वाटलं. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं. वीस मिनिटं. जगात वीस मिनिटं माझ्याजवळ बसेल असं माणूस मला मिळू नये?

१५ फेब्रुवारी

एकट्यानंच टेस्ट केली. ऐंशी पौंड, वीस मिनिटं. काटा स्थिर. म्हणजे माझ्या मते स्थिर. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय, तासभर बारीक बघितलं की एकाचे दोन काटे दिसतात. दोन्ही ऐंशीच्या आसपास होते. एकदा डोळे पुसले, तेवढंच.

पास.

सहीचं काय ते उद्या. तिची सही मला येते. म्हणजे येईल. सोपी आहे, शेवटी एक वळसा. ती इथे असती तर तिनं केलीच असती, तेव्हा यात फसवणूक अशी काही नाही. मधलं टेबल बावीस वर्षांनी मिळालंय.

१६ फेब्रुवारी

सकाळी वर्तमानपत्राच्या कडेला तिची सही गिरवली. चौदा वेळा. वळसा जमेना. म्हणून रजिस्टर उघडून तिची खरी सही समोर ठेवली, शेवटच्या पानावरची, गेल्या मे महिन्यातली.

सहीच्या बाजूला शेऱ्याचा रकाना आहे. त्यात नेहमी "काटा स्थिर" लिहिलेलं असतं, असं मी धरून चाललो होतो. तिथे लिहिलं होतं:

"काटा स्थिर. मला वाटतं ही माझी शेवटची."

मी पान उलटलं. मग मागचं. मग पहिल्यापासून सगळं रजिस्टर वाचलं, खिडकीशी उभं राहून, भिंग घेऊन. सव्वीस वर्षं. काही ठिकाणी नुसतंच काटा स्थिर. आणि काही ठिकाणी हे:

"काटा स्थिर. आईला जाऊन आज महिना झाला."

"चौदाव्या मिनिटाला काटा दोन पौंड उतरला. सांगितलं. 'नीट बघ' म्हणाले."

तो तिसरा बॉयलर. गळती दुसऱ्या दिवशी सापडली. क्लबमध्ये मी सांगितलं होतं, माझ्या लक्षात आली म्हणून.

"लेक तापानं फणफणलीय, आतून हाका मारतेय. वीस मिनिटं झाल्याशिवाय उठता येत नाही."

"काटा स्थिर. गाणं म्हणावंसं वाटत होतं. बोलायचं नसतं."

"पाच इंजिनं झाली. एकदा तरी वाफ मला सोडू द्या."

"काटा स्थिर. हे कोणी वाचत नाही, हे आता नक्की कळलं."

ही शेवटची ओळ अकरा वर्षांपूर्वीची आहे. त्यानंतरही ती लिहीत राहिली.

रजिस्टर लपवलेलं नव्हतं. ते कायम माझ्याच फळीवर, माझ्याच हाताशी होतं. सही करून ती ते माझ्या हातात द्यायची आणि क्षणभर उभी राहायची. मला वाटायचं, स्टूल कुठे ठेवू हे विचारायला उभी आहे.

मी रडलो. लिहायला लाज कसली, वाचणारं कोण आहे?

सही केली नाही. गिरवलेला कागद जाळला.

१७ फेब्रुवारी

लेथ लावला नाही.

१८ फेब्रुवारी

शिवणयंत्र. शाल, कात्री, चष्मा. सर्टिफिकेट. आईचा फोटो. बटणांची डबी.

आणि मी त्या फोटोला लाकडी गिट्टे कातून बसवत होतो, काच हलू नये म्हणून! छत्तीस वर्षं टर्नर, एका केसाची चूक हाताला कळते म्हणून मिरवणारा. बायको एकेक वस्तू करून घर सोडून गेली आणि पॅकिंग मीच केलं.

२१ फेब्रुवारी

आज अकराला मी फोन लावला. आजवर तीच लावायची. चेहरा दिसतो तसला लावला, लेकीनं मागे शिकवला होता. समोर ती आली. केस कापलेत. बरे दिसतात, पण ते मी सांगितलं नाही. का सांगितलं नाही कोण जाणे.

"काय हो, बरे आहात ना?" ती घाबरली होती.

"बरा आहे. गेज वाचशील का?"

"इथून?"

"फोन समोर उभा करतो."

"थांबा, चष्मा आणते." मी पाठवलेलाच चष्मा.

चहाच्या डब्याला फोन टेकवला. गेज तिच्यासमोर, बॉयलर बाजूला. मी पंप मारला. ती म्हणाली, "सत्तर... पंचाहत्तर... ऐंशी. बस. घड्याळ लावा." तोच आवाज, तेच शब्द. स्टूल मात्र रिकामं होतं, त्यावर मी बसलो.

सवयीनं दोघंही गप्प. दोन मिनिटं गेली. मग मी म्हटलं, "बोल काहीतरी."

"टेस्टच्या वेळी बोलायचं नसतं."

"आज बोलायचं. तू कशी आहेस?"

तिनं चष्मा काढून पुसला, परत लावला. मग बोलायला लागली. आधी बाळाचे दात सांगितले, दोन आलेत, खालचे. मग म्हणाली की कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानात ती सकाळी बसते. तिच्या हाताखाली तीन मुली शिकतात. एकीची टीप सारखी वाकडी जाते, पण मुलगी जिद्दीची आहे. त्या तिला बाई म्हणतात. "मला आधी कळायचंच नाही, कोणाला हाक मारतायत ते," असं म्हणून ती हसली.

तेव्हा मला काटा हललेला दिसला. आधी वाटलं, डोळा. मग बॉयलरच्या मागच्या ताटलीच्या कडेला बघितलं. तिथे पाण्याचा मणी धरला होता. बारीक, मोहरीएवढा. टपकला आणि लगेच दुसरा धरला. जिथे झाळ थिजली होती बरोब्बर तिथे. बाहेरून झकास दिसत होतं ते.

एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. आज मी हात मांडीखाली दाबून बसलो. ती मुलीच्या वाकड्या टिपेबद्दल सांगत होती आणि तिला मधे तोडायचं नव्हतं.

"मी रजिस्टर वाचलं," मी म्हटलं. "शेरे."

ती थांबली. "सगळे?"

"सगळे."

"फार उशिरा वाचलेत हो," ती म्हणाली. रागानं नाही. रागानं म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

मी विचारलं, "नोव्हेंबरात एका शुक्रवारी तू फोन केला होतास. मी झाळत होतो, उचलला नाही. तेव्हा काय होतं?"

"जाऊ द्या आता ते."

"सांग."

"शिंप्यानं त्या दिवशी विचारलं होतं, कायमच्या राहाल का म्हणून. मी म्हटलं, सांगते. आणि तुम्हाला फोन लावला. विचारणार होते, परत येऊ का? तुम्ही नुसतं 'ये' म्हणाला असतात ना, तरी सामान बांधलं असतं." तिनं नाक पुसलं. "मग वाट बघितली, उलट फोन येईल म्हणून. शनिवारी दुपारपर्यंत बघितली."

मी त्या मण्याकडे बघत राहिलो. एक टपकायचा, दुसरा धरायचा.

"आता ये म्हटलं तर?" मी विचारलं.

"आता नाही."

पटकन म्हणाली. म्हणजे उत्तर केव्हाचं तयार होतं. त्या तीन मुली आहेत, म्हणाली, आणि सकाळी उठल्यावर आपल्याला कुठेतरी जायचंय हे बरं वाटतं. मी "हं" म्हटलं. खरं म्हणजे मला ते समजलं. दुरुस्तीखान्यातून निवृत्त झाल्यापासून मला सकाळी कुठेच जायचं नसतं.

मग आम्ही नुसतेच बसलो. ती चष्म्यातून इकडे बघत होती आणि मी तिच्याकडे.

"वीस मिनिटं झाली," ती म्हणाली. "काटा एकाहत्तरवर आहे."

"दिसतोय."

"सातव्या मिनिटालाच हलला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही पहिल्यांदा काहीतरी विचारलं होतंत. तेच सांगत होते." मग म्हणाली, "तुम्हीही नाही बोललात."

"नाही बोललो."

मी पंपाचा स्क्रू ढिला केला. दाब उतरला. "सही लागेल," म्हटलं. "नापासालाही लागते."

"मग पाठवा पार्सलनं. तुमचं पॅकिंग फार छान असतं, मुलींनी बघायला ठेवून घेतलंय."

"रजिस्टर सभासदानं हातातून सोडायचं नसतं."

"असा नियम आहे?"

"आहे," म्हटलं. नाही. आत्ता केला.

तिला कळलं असणार. सव्वीस वर्षं नियम ऐकलेत तिनं. आतल्या खोलीत बाळ स्वतःशीच बडबडत होतं ते ऐकू येत होतं.

"या घेऊन," ती म्हणाली. "पण परतीचं तिकीट काढूनच या."

२२ फेब्रुवारी

दवाखान्यात जाऊन सेक्रेटरीला सांगितलं, मधलं टेबल दुसऱ्याला द्या. माझा बॉयलर नापास. तो म्हणाला, "अरेरे, कशानं?" मी म्हटलं, "झाळताना लक्ष फोनकडे गेलं." "मग फोन उचलायचा तरी, नाहीतर बघायचा तरी नाही," तो म्हणाला. शहाणाच आहे.

मैदानावर पोरं टेबलाला चिकटून उभी राहतात, नाक अगदी बॉयलरजवळ आणतात. तिच्या नावाची खोटी सही करून मी त्यांच्यासमोर जाळ करणार होतो.

स्टेशनवर जाऊन तिकीट काढलं. शनिवारी जायचं, रविवारी परतीचं. दोन्ही काढली. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "एकच रात्र?" मी म्हटलं, "सहीपुरतं काम आहे."

सामान फार नाही. रजिस्टर, पेन, एक कपड्यांचा जोड. आठव्या इंजिनाला पुसून, तेल देऊन खोक्यात बसवलंय. ते पास झालेलं आहे, तिच्याच सहीचं. जाळ तिकडे करता येईल. वाफेचा खटका तिच्या हातात देईन, आणि तिला नको असेल तर तसंच परत आणेन.

रजिस्टरची ओळ भरली. तारीख २१ फेब्रुवारी. बॉयलर नववा. दाब ऐंशी. निकाल नापास. सहीची जागा मोकळी. शेऱ्याचा रकाना ती भरते, पण या वेळी मी भरला:

"सातव्या मिनिटाला काटा उतरला. दोघांनीही पाहिला. ६ नोव्हेंबरला फोन उचलायला हवा होता."

अजून लिहायचं होतं. रकाना फार लहान आहे, एवढंच मावलं.